ख्रिस्ती शिकवण आणि सरकारी सामाजिक धोरण (सातारा–सांगली)

विवाह, दान, रुग्णसेवा, माणसामाणसांतील समता यांविषयी ख्रिस्ती धर्म जे सांगतो, त्याला सरकारी कायद्यात जागा असावी की नसावी, हा वाद युरोपात चर्च आणि राजसत्ता यांच्या झगड्यातून वाढला. महाराष्ट्रात राज्यकर्ते ख्रिस्ती, रयत बहुतांशी हिंदू व मुसलमान आणि मध्ये मिशनरी, असा तिपेडी मामला होता. विटा हे ठाणे असलेला खानापूर तालुका व त्याभोवतीचा मुलूख यांच्या अंगाने ही नोंद केली आहे. हा भाग १८४८ पर्यंत सातारा संस्थानात, नंतर इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात आणि १९४९ पासून दक्षिण सातारा जिल्ह्यात होता. १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले.

कंपनी सरकारला धर्मप्रसारापेक्षा महसुलाची काळजी अधिक. मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली ती १८१३ च्या सनदेने. त्याच वर्षी अमेरिकन मराठी मिशन मुंबईत आले. सतीबंदी बंगालमध्ये १८२९ साली व मुंबई इलाख्यात त्यानंतर लगेच झाली. तिचे सारे श्रेय पाद्र्यांच्या खाती टाकण्याची रीत आहे. पण संस्थान खालसा होण्याआधीच साताऱ्याच्या शहाजी राजांनीही आपल्या मुलखात ही चाल बंद केली होती.

खरी कसोटी लागली ती वारशाच्या कायद्यात. धर्म बदलला की माणूस जातीतून जाई आणि जातीबरोबर वडिलोपार्जित जमिनीवरचा हक्कही जाई. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने ही तरतूद मोडीत काढली. मागणी मिशनऱ्यांनी लावून धरली होती आणि कलकत्ता-मद्रासकडून हिंदूंचे विरोधी अर्जही गेले होते. मात्र कायद्याची भाषा कोणत्याही एका धर्माची नव्हती: धर्म सोडणारा किंवा जातीबाहेर टाकलेला कोणीही असो, त्याचा हक्क बुडू नये, एवढेच त्यात होते. म्हणूनच तो टिकला, असे म्हणता येते.

पुढच्या कायद्यांना ही सावधगिरी जमली नाही. १८६६ च्या धर्मांतरितांच्या विवाहविच्छेद कायद्यानुसार, ख्रिस्ती झाल्यामुळे नवऱ्याने किंवा बायकोने टाकले, तर सहा महिन्यांनंतर कोर्टात जाता येई. जोडीदाराला बोलावून नांदायला तयार आहे का, असे विचारले जाई. नकार मिळाला तर आणखी वर्षभर थांबून लग्न मोडता येई. १८६९ चा घटस्फोट कायदा तर विलायतेतील तत्कालीन कायद्याची नक्कल होती. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा दोन वर्षांचा त्याग यांसारखे आणखी काही दाखवावे लागे. विट्याच्या ख्रिस्ती बाईने जिल्हा कोर्टात दावा जिंकला, तरी मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी शिक्कामोर्तब करेपर्यंत ती मोकळी होत नसे. इंग्लंडने आपला कायदा कधीच बदलला. येथे तो शतकाहून अधिक काळ चालू राहिला. १९९७ मध्ये प्रगती व्हर्गीस खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही विषमता घटनाबाह्य ठरवली आणि संसदेने २००१ साली कायदा सुधारला. राज्यसत्तेने धर्माच्या नावाने केलेल्या कायद्याचा जाच सर्वांत जास्त त्याच धर्माच्या स्त्रियांना झाला, हे या विषयावरील चर्चेत सहसा कोणी बोलत नाही.

शिक्षणात हिशेब निराळा दिसतो. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना अनुदान देऊ केले, पण ते लौकिक शिक्षणासाठी. बायबलच्या तासाला सरकारी पैसा नव्हता. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला आणि मुंबई सरकारने त्या निर्णयाला मान तुकवली. शाळा सर्वांना खुल्या असाव्यात, हा आदेश दोन वर्षांनी विलायतेहून आला. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या, मूळच्या सातारा जिल्ह्यातील कटगुणच्या घराण्यातल्या जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. त्याच आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर मागितल्या. तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. बाप्तिस्मा पुढच्या वर्षीचा. संमतिवयाच्या वादातही मिशनरी स्त्री-डॉक्टरांनी सरकारपुढे ठेवली ती कोवळ्या मुलींच्या शरीरांवरील जखमांची नोंद. १८९१ च्या कायद्याने मुलींचे शरीरसंबंधाच्या संमतीचे वय दहावरून बारा झाले. लोकमान्य टिळकांचा आक्षेप परकी सरकारच्या हस्तक्षेपाला होता.

सांगली भागात मात्र ख्रिस्ती शिकवण लोकांच्या ओळखीची झाली ती दवाखान्यातून. मिशनरी डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले. १८९४ मध्ये मिरजेचे इस्पितळ उभे राहिले, तीन वर्षांनी वैद्यकीय शाळा सुरू झाली आणि पुढे कुष्ठरुग्णांसाठी वेगळी सोय झाली. १८९८ च्या सरकारी कायद्याचा भर निराधार कुष्ठरुग्णाला पकडून वेगळे ठेवण्यावर होता. मिशनच्या इस्पितळात त्याला रुग्ण म्हणून खाट मिळाली. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ मध्ये ख्रिस्ती, हिंदू, मुस्लिम आणि विशेष विवाह अशा सर्वच कायद्यांतून वगळले गेले.

मिशनऱ्यांच्या छत्राखाली राहण्याचा कंटाळा येथल्या ख्रिस्ती मंडळींनाही होता. रेव्ह. नारायण वामन टिळकांनी मिशनची नोकरी सोडून १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, तो ख्रिस्तभक्ती देशी असावी म्हणून.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न उलटा झाला. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने अनुसूचित जातींची सवलत प्रथम मुख्यतः हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती नाहीत. १९८५ च्या सूसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मांतरानंतरही तितकेच मागासलेपण टिकून असल्याचा पुरावा मागितला. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांची गणना महाराष्ट्रात इतर मागासवर्गात होते. २०२२ मध्ये केंद्राने हा विषय न्या. बालकृष्णन आयोगाकडे सोपवला. जात नसते असे चर्चमध्ये शिकवायचे आणि सवलतीसाठी ती आहे असे सिद्ध करायचे, ही दलित ख्रिस्तींची अडचण आहे; आणि ती केवळ त्यांची म्हणता येणार नाही, कारण स्मशानभूमीपासून सोयरिकीपर्यंत जात विचारणारा समाज तोच आहे. दरम्यान फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने सक्तीच्या धर्मांतराविषयी कायदेशीर उपाय सुचवण्यास पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातही धर्मांतराच्या प्रश्नावरून मोर्चे निघाले.