गाडी थांबली, काळ थांबला नाही



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी मला फोन करून विचारलं, "अहो, इतिहासाच्या व्याख्यानात बंद पडलेली मोटार कुठून आली?" प्रश्न रास्त आहे. उत्तराआधी एक प्रसंग सांगतो.

माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ राहतो. २०२२ च्या उन्हाळ्यात त्याने १९६६ सालची एक एमजीबी विकत घेतली. दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. आधीच्या मालकाने १९९८ मध्ये ती गॅरेजात लावली, ती लावलीच. गाडी ट्रेलरवर घालून घरी आली तेव्हा मी तिथे मुक्कामाला होतो. भावाला काही दम निघेना. त्याच संध्याकाळी त्याने नवी बॅटरी जोडली, कार्बोरेटरला बाटलीतून ताजं पेट्रोल दिलं आणि सेल मारला. दहाव्या-बाराव्या प्रयत्नाला धुराचा लोट सोडत इंजिन चक्क चालू झालं! टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. "गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतो," म्हणत तो निघालासुद्धा. वळणाआधी त्याने ब्रेक दाबला. पहिल्यांदा पेडल घट्ट लागलं, दुसऱ्यांदा थेट तळाला गेलं. हँडब्रेक ओढून गाडी कशीबशी कुंपणाच्या झुडपात थांबली. सुदैवाने समोर कोणी नव्हतं. वहिनी दारातच उभी होती. ती एवढंच म्हणाली, "सुरू कशी होते ते कळलं. आता थांबते कशी ते शिकून घे."

त्या झुडपात मला आजचा विषय सापडला. आपण म्हणतो, गाडी "बंद" होती, म्हणजे जशीच्या तशी होती. तसं नसतं. गाडी थांबते, काळ थांबत नाही. एक तर गाडीच्या आत तो गुपचूप काम करत राहतो, आणि दुसरं म्हणजे बाहेरचं जग बदलून टाकतो.

मुचकुंद राजाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. देवांसाठी लढून थकलेला राजा गुहेत झोपला आणि कृष्णाच्या काळात जागा झाला. बाहेर येऊन पाहतो तर माणसं, जनावरं, झाडं, सगळंच लहान झालेलं. तेव्हा त्याला कळलं की युग बदलत आलंय. गॅरेजातून बाहेर येणारी जुनी गाडी ही अशीच. तिला रस्त्यावर आणायचं म्हणजे नुसती दुरुस्ती नव्हे. मधल्या वर्षांचा हिशेब चुकता करायचा. तोच हिशेब आज मांडतो.

ही गाडी कोण?

आधी ओळख. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डमधला विल्यम मॉरिस यांचा व्यवसाय. तिथे सेसिल किंबर यांनी १९२० च्या दशकात साध्या मॉरिस गाड्यांवर देखण्या स्पोर्ट्स गाड्या बांधायला सुरुवात केली. १९२९ मध्ये कारखाना जवळच्या एबिंग्डन गावात गेला. एमजीबी आली १९६२ मध्ये, आणि १९८० च्या ऑक्टोबरात एबिंग्डनचा कारखाना बंद होईपर्यंत बनत राहिली. एकूण पाच लाखांहून जास्त गाड्या झाल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. आज आपल्या रस्त्यांवर एमजी नावाच्या ज्या गाड्या दिसतात, त्यांच्याकडे नाव तेवढं आलंय. मालक आणि कारखाने सगळे वेगळे.

पण खरं नातं दुसरीकडेच आहे. एमजीबीचं इंजिन १७९८ सीसीचं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी सिरीज' घराण्यातलं. त्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन आपल्या अँबॅसॅडरमध्ये होतं! कलेक्टर कचेरीबाहेर उभी असणारी ती पांढरी गाडी आणि ही लाल स्पोर्ट्स कार, दोघी चुलत बहिणी. म्हणजे यात अद्भुत असं काही नव्हतं. साध्या घरगुती गाडीचेच भाग घेऊन, थोडं बळ वाढवून, स्वस्तात मजा देणारी गाडी. अँबॅसॅडरवर हात बसलेल्या मेकॅनिकने एमजीबीचं बोनेट उघडलं, तर त्याला परक्या घरात आल्यासारखं वाटणार नाही.

पेट्रोल

आता पहिला हिशेब. गाडी १९९८ मध्ये थांबली, तेव्हा पंपावर शिसं घातलेलं पेट्रोल मिळत होतं. १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांनी दाखवलं होतं की पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घातलं की इंजिनाची ठोक थांबते. त्याचा आणखी एक फायदा नंतर लक्षात आला. व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या बिडाच्या कडेवर शिशाचा पातळ थर बसतो आणि ती कड झिजत नाही. पण शिसं विषारी, मुलांच्या मेंदूवर परिणाम करणारं. ब्रिटनने १ जानेवारी २००० पासून त्याची सर्वसाधारण विक्री बंद केली, भारताने १ फेब्रुवारी २००० पासून. एका महिन्याचं अंतर. निर्णय योग्यच होता. पण झोपलेल्या गाडीला कोण सांगणार?

मग आलं इथेनॉल. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं. आपण तर २० टक्क्यांवर पोचलो आहोत. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला मऊ करतं, चिरा पाडतं. १९६६ चं रबर बनवताना हा पाहुणा कोणाच्या हिशेबात नव्हता. गरम इंजिनावर पेट्रोलची नळी फुटली तर काय होईल, ते मी सांगायला नको.

म्हणून भावाने टाकी उतरवली. आत १९९८ चं उरलेलं पेट्रोल वार्निशसारखं चिकट होऊन बसलं होतं. नळ्या सगळ्या बदलल्या, त्या इथेनॉल सोसणाऱ्या. हेड काढून व्हॉल्व्हखाली कठीण पोलादाच्या कड्या बसवून घेतल्या. मागच्या चाकाजवळचा एसयूचा विजेवर चालणारा पंप साफ केला. किल्ली फिरवली की हा पंप टकटक टकटक करतो आणि कार्बोरेटर भरले की शांत होतो. तो आवाज आला त्या दिवशी भाऊ पोरासारखा हसला.

ऑइल आणि वीज

दुसरा हिशेब ऑइलचा. तुम्ही म्हणाल, ऑइल ते ऑइल. तसं नाही. जुन्या इंजिनात कॅमशाफ्ट आणि टॅपेट एकमेकांवर घासत चालतात. त्यांना वाचवायला ऑइलमध्ये जस्ताचं एक संयुग असायचं. पुढे धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. ते या संयुगाने खराब होतात, म्हणून नव्या ऑइलमध्ये त्याचं प्रमाण कमी झालं. नव्या इंजिनांना चालतं, जुन्यांना नाही. दुकानातलं सगळ्यात महाग आणि आधुनिक ऑइल या गाडीला सगळ्यात वाईट ठरू शकतं.

खरं तर पहिल्या संध्याकाळी सेल मारायलाच नको होता. रीत अशी. प्लग काढायचे, सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडायचं, एक-दोन दिवस मुरू द्यायचं. मग पान्याने इंजिन हाताने फिरवून पाहायचं. फिरलं तर जुनं ऑइल काढून नवं भरायचं, आणि प्लग न लावताच सेल मारायचा, डॅशबोर्डवर ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत. नंतर ठिणगी, नंतर पेट्रोल. कोरड्या बेअरिंगवर इंजिन चालवणं म्हणजे चोवीस वर्षं अंथरुणात असलेल्या माणसाला उठवून शर्यतीत पळवणं.

विजेची तर गंमतच. सीटमागचं झाकण उघडलं तर आत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांची जागा, आणि 'प्लस'ची तार गाडीच्या अंगाला जोडलेली. भाऊ म्हणाला, "आधीच्या मालकाने उलटं जोडलंय बघ." तो ती तार बदलणार, तेवढ्यात शेजारचे आजोबा धावत आले. उलटं काही नव्हतं. १९६७ च्या अखेरीस या मॉडेलमध्ये बदल होईपर्यंत एमजीबी तशाच येत, प्लस अंगाला आणि डायनॅमोवर चालणाऱ्या. नंतर अल्टरनेटर आला आणि जोडणी आजच्यासारखी झाली. जे आपल्याला चूक वाटतं, ते कधीकधी त्या काळचा नियम असतं. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे वाक्य वहीत लिहून ठेवावं.

ब्रेक आणि कायदा

तिसरा हिशेब ब्रेकचा, आणि तो खरं तर पहिला असायला हवा होता. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. चोवीस वर्षं त्या पाणचट ऑइलने व्हील सिलिंडर आतून गंजवले. रबरी नळ्या बाहेरून धडधाकट आणि आतून फुगलेल्या. त्यात १९६६ च्या या गाडीत चारही चाकांच्या ब्रेकचा मार्ग एकच. आजच्या गाड्यांत दोन स्वतंत्र मार्ग असतात, एक फुटला तर दुसरा थांबवतो. इथे मागच्या चाकाचा एक सिलिंडर गळला आणि सगळे ब्रेक गेले.

आता यात कायद्याचा इतिहास बघा. ब्रिटनमध्ये मोटारींची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते. मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि फारसे फेरफार न केलेल्या गाड्यांना त्यातून सूट आहे. कल्पना अशी की असे मालक गाडी जिवापाड जपतात. म्हणजे त्या संध्याकाळी झुडपात शिरलेल्या गाडीला तपासणीचा कागद लागतच नव्हता! गाडी रस्त्यावर सुरक्षित ठेवायची कायदेशीर जबाबदारी मात्र मालकाचीच. भावाने नंतर सूट असूनही गाडी स्वतःहून तपासणीला नेली. मला ते फार आवडलं.

पत्रा, आणि ही गाडी तीच का?

शेवटचा हिशेब सगळ्यात अवघड. एमजीबीला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा, आणि दारांखालच्या पेट्या हा कणा. पाणी साचतं तिथेच. जॅक लावताच रंगाखालची लांबी निखळून पडली आणि आतून गंजाचा भुगा निघाला. गाडी संपली असंच वाटलं.

ती वाचली, कारण लोकांनी कारखान्यातले साचे जपून ठेवले होते. कारखाना बंद झाल्यावर साचे सहसा भंगारात जातात. पण ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने एमजीबीचे मूळ साचे शोधून जमवले आणि १९८८ मध्ये ऑक्सफर्डशायरमध्येच संपूर्ण बॉडी पुन्हा बनवायला घेतली. त्यामुळे आजही नव्या पेट्या, नवे पत्रे, हवी तर अख्खी बॉडी मिळते. अशी सोय फार थोड्या गाड्यांच्या नशिबी आहे.

मग प्रश्न येतो: सगळं बदललं तर गाडी तीच राहते का? ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याने अनेक वर्षं याला चक्क गुण दिले होते. मूळ किंवा तशीच नवी बॉडी असेल तर पाच. सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन. आणि इंजिनाला फक्त एक! आठ गुण भरले तर जुना नंबर टिकतो. आपण ज्याला गाडीचं हृदय म्हणतो, त्याला कायद्याने सगळ्यात कमी गुण दिले.

भावाने अख्खी बॉडी घेतली नाही. कुजलं तेवढंच कापून नवा पत्रा जोडला. डाव्या सीटचं फाटलेलं कातडं तसंच ठेवलं. आणि एक वही केली. काय काढलं, कधी, का, त्या जागी काय आलं, सगळं तारखेसकट लिहिलं. पन्नास वर्षांनी कोणी ही गाडी उघडली, तर कुठला भाग १९६६ चा आणि कुठला २०२३ चा, हे त्याला ओळखता येईल. वास्तूंचं जतन करणारे हेच सांगतात: दुरुस्ती करा, पण ती लपवू नका.

अकरा महिन्यांनी गाडी पुन्हा त्याच गल्लीत निघाली. शेजारी वहिनी बसली होती. वळणाआधी तो थांबला, निघाला, पुन्हा थांबला. असं तीनदा झाल्यावर ती म्हणाली, "कळलं रे, थांबते. आता चल."

मुचकुंद गुहेतून बाहेर आला आणि बदललेलं जग पाहून तपाला निघून गेला. त्याला जगाशी जुळवून घ्यायचं नव्हतं. गाडीला ती सोय नाही. तिच्यासाठी ते आपल्यालाच करावं लागतं. तुमच्यापैकी कोणाच्या वाड्यात, गोठ्यात ताडपत्रीखाली एखादी गाडी उभी असेल, तर कृपा करून आज रात्री जाऊन सेल मारू नका. आधी एक वही घ्या, ब्रेक उघडा, आणि ती कुठल्या साली थांबली ते पहिल्या पानावर लिहा.