वॉल्ड, लिलियन
(१० मार्च १८६७ – १ सप्टेंबर १९४०). अमेरिकन परिचारिका, समाजसेविका आणि न्यूयॉर्कमधील ‘हेन्री स्ट्रीट सेटलमेंट’च्या संस्थापिका. जन्म सिनसिनाटी (ओहायो) येथे, सुखवस्तू ज्यू कुटुंबात. १८९१ मध्ये न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये त्यांनी परिचर्येचे शिक्षण पूर्ण केले.

पुढे वैद्यकीचे शिक्षण घेत असताना त्या मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागातील स्थलांतरित स्त्रियांना घरगुती शुश्रूषा शिकवत. मार्च १८९३ मध्ये तेथील एका लहान मुलीने त्यांना आपल्या आजारी आईकडे नेले. बाळंतीण रक्तस्रावाने खंगलेली, आणि दोन खोल्यांत सात जणांच्या कुटुंबाबरोबर पोटभाडेकरूही. वॉल्ड यांनी वैद्यकीचे शिक्षण सोडले आणि मेरी ब्रूस्टर या परिचारिकेसह त्याच वस्तीत बिऱ्हाड थाटले. गरिबांना दुरून मदत धाडण्याऐवजी त्यांचे शेजारी होऊन राहायचे, ही सेटलमेंट चळवळीची रीत. १८९५ मध्ये बँकव्यावसायिक जेकब शिफ यांनी हेन्री स्ट्रीटवरील २६५ क्रमांकाचे घर त्यांच्या कार्यासाठी मिळवून दिले.

संस्थेच्या परिचारिका घरोघरी जात. ऐपतीप्रमाणे अल्प शुल्क घेत, नसेल तर तेही नाही. धर्माची अट नव्हती. मात्र वॉल्ड यांचे खरे मोठेपण रुग्णसेवेपुरते नाही. एकेका घरातील दुखण्यामागे शहराची कोणती व्यवस्था तोकडी पडते, हे त्या शोधत आणि ती उभी करायला शासनाला भाग पाडत. खुपऱ्या, नायटा अशा विकारांमुळे शाळेतून घरी धाडलेल्या मुलांवर उपचार होतच नसत. ती रस्त्यावर खेळत राहत आणि अभ्यास बुडे. १९०२ मध्ये वॉल्ड यांनी लीना रॉजर्स या आपल्या परिचारिकेला महिनाभर चार शाळांत पाठवले. मुले वर्गात परतू लागली, आणि शहराच्या आरोग्य खात्याने शालेय परिचारिकांची नेमणूकच सुरू केली.

बालकल्याणासाठी स्वतंत्र केंद्रीय कार्यालय असावे, ही त्यांची आणि समाजसुधारक फ्लॉरेन्स केली यांची मागणी १९१२ मध्ये मान्य झाली. सार्वजनिक आरोग्य परिचर्येच्या राष्ट्रीय संघटनेच्या त्या पहिल्या अध्यक्षा. पहिल्या महायुद्धात त्यांनी अमेरिकेच्या सहभागाला उघड विरोध केला. त्यामुळे काही देणगीदार दुरावले. शांततेवरील ही निष्ठा त्यांच्या रुग्णसेवेइतकीच मोलाची आहे. द हाउस ऑन हेन्री स्ट्रीट (१९१५) व विंडोज ऑन हेन्री स्ट्रीट (१९३४) हे त्यांचे ग्रंथ. वेस्टपोर्ट (कनेक्टिकट) येथे त्यांचे निधन झाले. १९४४ मध्ये गृहपरिचर्येचे काम वेगळ्या संस्थेकडे गेले. सेटलमेंटचे कार्य हेन्री स्ट्रीटवर आजही चालू आहे.