शिपायाचा गुन्हा आणि बाईची साक्ष

इ. स. १८९७ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस विलायतेहून आलेली आगबोट मुंबई बंदरांत लागली, तेव्हां तिच्यावरील एका उतारूची गांठ घेण्यासाठीं पोलिस कमिशनर व्हिन्सेंट स्वतः बोटीवर चढले. हा उतारू म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. वय अवघें एकतीस वर्षांचें. वेल्बी कमिशनपुढें हिंदुस्थानच्या जमाखर्चाविषयीं साक्ष देऊन त्यांनीं नुकताच मोठा लौकिक मिळविला होता. परंतु कमिशनर साहेबांस जमाखर्चाशीं कर्तव्य नव्हतें. पुण्यांत प्लेगच्या झडतीसाठीं घरोघर फिरणाऱ्या गोऱ्या शिपायांनीं दोन स्त्रियांवर बलात्कार केला आणि त्यांपैकीं एकीनें पुढें जीव दिला, असें विधान गोखल्यांनीं विलायतेंत केलें होतें, आणि मँचेस्टर गार्डियन पत्रानें तें छापलें होतें. त्यास पुरावा काय, हा प्रश्न होता. ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यांत गोखल्यांनीं आरोप मागें घेतला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट, प्लेग कमिटी आणि ते शिपाई या सर्वांची त्यांनीं जाहीर व बिनशर्त माफी मागितली.

हें प्रकरण आपणांकडे गोखल्यांच्या स्वभावाचा पुरावा म्हणून सांगितलें जातें. मवाळांच्या भक्तांस त्यांत सत्यनिष्ठा दिसते, जहालांच्या भक्तांस भेकडपणा. दोन्ही पक्षांनीं गोखल्यांविषयींच वाद घातला. ज्यांच्यासाठीं हें सारें घडलें त्या दोन स्त्रियांचा विचार कोणी केला नाहीं. सैन्यांतील मनुष्यानें स्त्रीवर अत्याचार केला तर त्यास शासन कोणी व कसें करावें, या प्रश्नाच्या दृष्टीनें तें पुन्हा एकदां पाहावें, असें आम्हांस वाटतें.

परिस्थिति काय होती? १८९६ च्या सप्टेंबरांत आमच्या मुंबईंतील मांडवी भागांत डॉक्टर व्हिएगस यांना प्लेगचा पहिला रोगी आढळला. पुढें सांथ पुण्यास पोंचली. १८९७ च्या फेब्रुवारींत सांथीच्या रोगांचा कायदा झाला, रँड साहेबांच्या हातीं पुण्याची प्लेग कमिटी आली, आणि मार्चच्या मध्यापासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत गोरे शिपाई घराघरांत शिरूं लागले. माजघर, देवघर, स्वयंपाकघर असा भेद त्यांच्या लेखीं नव्हता. रोगी शोधण्याच्या निमित्तानें बायकांच्या अंगास हात लावल्याच्या तक्रारी झाल्या. पंडिता रमाबाईंसारख्या ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या बाईनेंहि प्लेगच्या व्यवस्थेंत मुलीबाळींच्या अब्रूची काय दशा होते याविषयीं बाँबे गार्डियन पत्रांत जाहीर तक्रार केली. रमाबाईंवर राजद्रोहाचा किंवा सनातनीपणाचा संशय घेणें कोणालाच शक्य नव्हतें. तरीहि सरकारनें तिचा इनकारच केला.

आतां बोट मुंबईस लागली त्या आठवड्याकडे पाहा. २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. २७ जुलैच्या रात्रीं टिळकांस मुंबईंतच, गिरगांवांत दाजी आबाजी खरे यांच्या घरीं, पकडण्यांत आलें. त्याच सुमारास नातू बंधूंस १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनखालीं, चौकशीवांचून, अटकेंत टाकलें. पुण्यांतील ज्या मित्रांनीं गोखल्यांस पत्रें लिहिलीं होतीं त्यांनीं या घटकेला पुढें यावें, आपलें नांव सांगावें, आणि एखाद्या कुलवंत घरांतील लेकीसुनेस साक्षीसाठीं उभें करावें, अशी ती अपेक्षा होती! कोणीहि आलें नाहीं. मुंबईंत त्या वेळीं हायकोर्टाचे न्यायाधीश असलेल्या रानड्यांचा सल्ला गोखल्यांनीं घेतला; आणि पुरावा नाहीं तर आरोपहि ठेवतां येत नाहीं, या सरळ न्यायानें ते वागले.

माफीनें काय सिद्ध झालें? शिपाई निर्दोष होते हें नव्हे. ते दोषी होते हेंहि नव्हे. साक्षीदार नव्हता, एवढेंच सिद्ध झालें. आणि साक्षीदार असता तर त्यानें जावयाचें कोठें? झडतीविषयींच्या तक्रारी ऐकावयाच्या त्या प्लेग कमिटीनें, आणि शिपाई काम करीत होते तेहि तिच्याच हुकुमानें. सासूविरुद्धची फिर्याद सासूच्याच ओसरीवर! लोकलज्जेनें बाई बोलत नाहीं हें खरें. परंतु ती बोलली असती तरी तिचें ऐकणारा तिऱ्हाईत कोणी नेमलेला नव्हता, हें त्याहून अधिक खरें.

दोनच वर्षांनीं रंगूनला याहून उघड प्रकार घडला. १८९९ च्या एप्रिलांत वेस्ट केंट पलटणीच्या अनेक शिपायांनीं मिळून एका ब्रह्मी स्त्रीवर उघड्यावर अत्याचार केला. येथें पुराव्याची वाण नव्हती. पलटणीच्या अधिकाऱ्यांनीं प्रकरण दाबलें, मुलकी अधिकाऱ्यांनीं कानाडोळा केला, आणि खटला उभा राहिला तो टिकला नाहीं. नवे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या कानीं हें आलें तेव्हां ते संतापले. कर्झन साहेबांविषयीं आम्हां हिंदी लोकांचें मत फारसें बरें नाहीं, आणि बंगालच्या फाळणीनंतर तें बरें असण्याचें कारणहि नाहीं. परंतु या एका बाबतींत त्यांचें देणें नाकारतां येत नाहीं. अख्खी पलटण त्यांनीं दोन वर्षांसाठीं एडनच्या भट्टींत धाडली, रजा व सवलती बंद केल्या, आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांसहि झळ लावली. १९०२ सालीं सियालकोटास नवव्या लॅन्सर्स पलटणीच्या गोऱ्यांनीं एका हिंदी स्वयंपाक्यास मारहाण करून ठार केल्याच्या प्रकरणींहि त्यांनीं हाच मार्ग धरला. पुढच्या वर्षीं दिल्ली दरबारांत ही पलटण समोरून गेली तेव्हां जमलेल्या युरोपियनांनीं टाळ्यांचा कडकडाट केला. टाळ्यांचा रोख कोणाकडे होता हें कर्झननें ओळखलें असेलच.

अशी सामुदायिक शिक्षा न्याय्य काय? निरपराध शिपायासहि एडनचें ऊन लागलें, आणि ज्यांनीं प्रत्यक्ष गुन्हा केला त्यांच्यापैकीं एकालाहि न्यायासनानें दोषी ठरविलें नाहीं. आमच्या मतें कर्झननें बलात्काराची शिक्षा दिलीच नाहीं. त्यानें दिली ती लपवालपवीची. परंतु पलटणींत गुन्हा जगतो तो लपवालपवीवरच. दहा शिपायांना ठाऊक असतें, दोन अधिकाऱ्यांना संशय असतो, आणि पलटणीच्या नांवासाठीं सारे गप्प बसतात. पलटणीची अब्रू आणि बाईची अब्रू असा सामना लागला म्हणजे बाई हरते. हा सामना उलटा फिरविण्याचा, म्हणजे लपविणें हेंच पलटणीस महाग करण्याचा, तो एक ओबडधोबड प्रयत्न होता.

आपल्या इतिहासाकडे वळलें कीं प्रत्येकाच्या तोंडीं प्रथम कल्याणच्या सुभेदाराची सून येते. ही गोष्ट गोड आहे, पण समकालीन कागदांत तिला आधार नाहीं, हें वर्गांत सांगितलें कीं विद्यार्थी आमच्याकडे रागानें पाहातात. वस्तुतः शिवाजीमहाराजांस या गोष्टीची गरज नाहीं. रांझ्याच्या पाटलाचे हातपाय तोडल्याचा २८ जानेवारी १६४६ चा कागद आहे. त्यांत अपराधास 'बदअमल' एवढाच मोघम शब्द आहे, परंतु शासन करणारा विशीच्या आंतला होता आणि शासन झालेला गांवचा धनी होता. याहून मोलाचा आहे तो सभासदानें लिहून ठेवलेला लष्कराचा कायदा. लष्करांत बायको, बटीक, कलावंतीण कोणी बाळगावयाची नाहीं. बाळगील त्याचा शिरच्छेद. परमुलखांत बायका-पोरें धरावयाचीं नाहींत. स्वारीहून परततांना प्रत्येकाच्या जिनसांची झडती, आणि लूट सरकारजमा. पगार मात्र सरकारांतून ठरलेला. महाराजांस शिव्या देण्यांत कसूर न करणारा मोगली तवारीखकार खाफीखान, तोहि स्त्रियांच्या बाबतींत त्यांना चांगलें म्हणतो. शत्रूची ही साक्ष दहा पोवाड्यांहून अधिक.

शिरच्छेदाची शिक्षा सर्वांच्या लक्षांत राहते. झडती आणि पगार कोणाच्या लक्षांत राहत नाहींत. आम्हांस तर मर्म तेथेंच दिसतें. कारण १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांचे स्वार बंगाल्यांत शिरले, तेव्हां भाषा तीच, भगवा तोच, आणि महाराजांचें नांवहि ओठांवर असेल. परंतु पगार लुटींतून आणि झडती घेणारा कोणी नाहीं. त्या स्वारांनीं बंगाली स्त्रियांची काय विटंबना केली तें गंगाराम कवीनें आपल्या 'महाराष्ट्र पुराण' या बंगाली काव्यांत लिहून ठेवलें आहे. तेथें आजहि बर्गीचें नांव घेऊन मुलें निजवितात. शिवकालाचा अभिमान बाळगणाऱ्या घरांत हें पुस्तक क्वचितच आढळतें. सत्तर वर्षांत मराठ्यांचें रक्त बदललें नव्हतें. हिशेब बदलला होता.

आणि आजचा कायदा? १९५० च्या लष्करी कायद्याच्या ७० व्या कलमानें लष्कराबाहेरील व्यक्तीवर बलात्कार झाल्यास तो खटला एरवीं कोर्ट मार्शलपुढें चालत नाहीं; परंतु शिपाई प्रत्यक्ष सेवेवर, देशाबाहेर किंवा सरहद्दीच्या ठाण्यावर असेल तर चालतो. म्हणजे जेथें स्त्रीला भय अधिक, नेमका तेथेंच तिऱ्हाईत न्यायाधीश दूर. शिवाय अशांत टापूंसाठींच्या १९५८ च्या विशेषाधिकार कायद्यानें केंद्र सरकारच्या मंजुरीवांचून खटलाच भरतां येत नाहीं. न्यायमूर्ति वर्मा यांच्या समितीनें जानेवारी २०१३ मध्यें स्पष्ट सांगितलें कीं लष्करी मनुष्यानें केलेला लैंगिक अत्याचार साध्या फौजदारी कायद्याखालीं यावा. त्याच वर्षीं संसदेनें शिक्षा वाढविली. नेमल्या मुलखांत अत्याचार करणाऱ्या सैनिकास किमान दहा वर्षें सक्तमजुरी, आणि ती तरतूद २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंतहि आली आहे. मंजुरीची अट मात्र विशेषाधिकार कायद्यांत तशीच राहिली. सैन्याचें मनोधैर्य खचेल असें तिच्या समर्थनार्थ सांगतात. खोट्या फिर्यादींची भीति निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु खोटी फिर्याद पारखण्यासाठींच न्यायालय असतें, आणि मंजुरी देणारा चिटणीस साक्षीदाराचें तोंडहि पाहात नाहीं.

गोखल्यांनीं माफी मागितली त्या वर्षाच्या डिसेंबरांत राष्ट्रसभा अमरावतीस भरली. लोकांचें मन त्यांच्याविषयीं अजून कडू होतें, आणि ही सल त्यांच्या मनांत पुढें वर्षानुवर्षें राहिली. माफीनें सर्व कांहीं दिलें, पण एक गोष्ट दिली नाहीं: ज्यांनीं पुण्याहून पत्रें लिहिलीं, त्यांचीं नांवें गोखल्यांनीं सरकारास सांगितलीं नाहींत.