नव्वद मिनिटे आणि वरची काही

फुटबॉलचा सामना ४५ मिनिटांच्या दोन भागांचा असतो आणि मध्ये जास्तीत जास्त १५ मिनिटांचे मध्यंतर मिळते. चेंडू मैदानाबाहेर गेला, खेळाडू जायबंदी होऊन पडला किंवा गोल झाल्यावर कोपऱ्यात जल्लोष चालला, तरी घड्याळ थांबत नाही. असा वाया गेलेला वेळ प्रत्येक भागाच्या शेवटी भरून दिला जातो, आणि तो किती ते पंच ठरवतो. नव्वद मिनिटांचा आकडा दीडशे वर्षांहून जुना आहे. भरपाईची कल्पना त्यानंतरची, आणि ती भरपाई प्रेक्षकांना आधी सांगण्याची रीत अगदी अलीकडची. या तीन गोष्टी वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या कारणांनी खेळात आल्या.

लंडनमध्ये १८६३ साली फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि खेळाचे पहिले सामाईक नियम लिहिले गेले. त्यांत सामना किती वेळ चालावा याबद्दल अवाक्षर नव्हते. सामना ठरवताना दोन्ही संघांचे कर्णधार वेळही ठरवून घेत. कुठे तास, कुठे दोन तास, कुठे अंधार पडेपर्यंत असा कारभार होता. ३१ मार्च १८६६ रोजी लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये लंडन आणि शेफिल्ड या दोन शहरांचे संघ भेटले. दोघांचे नियम वेगळे असल्याने बारीकसारीक बाबीही आधी ठरवाव्या लागल्या. दुपारी तीनला सुरुवात आणि साडेचारला शेवट, हे त्यांपैकी एक कलम होते. १८७१ साली एफए कप सुरू झाला तेव्हा स्पर्धेच्या नियमांत दीड तासाचीच मुदत घातली गेली. बाद पद्धतीच्या स्पर्धेत दर सामन्याला वेगळी वेळ चालणार नव्हती. खेळाच्या मूळ नियमांत मात्र ९० मिनिटे आणि संघात ११ खेळाडू या दोन्ही गोष्टी १८९७ साली लिहिल्या गेल्या. तोवर दोन्ही सर्वत्र रुळल्या होत्या, नियमाने त्यांवर फक्त शिक्का मारला.

दुपारी तीनच्या मुहूर्तामागे गिरणी होती. ब्रिटनच्या १८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतल्या बायका आणि किशोरवयीन कामगारांना शनिवारी दुपारी दोननंतर कामावर ठेवण्यास बंदी घातली. हे हात गेले की साचे चालवणे परवडत नसे, म्हणून पुरुषांनाही सुटी मिळू लागली. दोनला सुटलेला कामगार घरी जेवून तीनपर्यंत मैदानावर पोहोचू शकत होता. पुढची मर्यादा सूर्याची होती. इंग्लंडमध्ये डिसेंबरात चारच्या सुमारासच दिवस मावळतो. त्या दिवसांत सामना आणखी अलीकडे ओढावा लागे. सुटीचा भोंगा आणि संध्याकाळचा अंधार यांच्या मध्ये दीड तासाचा खेळ आणि थोडी विश्रांती बरोबर बसत होती. इंग्लिश लीगमध्ये प्रकाशझोतातले सामने १९५० च्या दशकात सुरू झाले. त्याआधीची तीन पिढ्यांची सवय या चौकटीत घडली.

हिंदुस्थानातल्या गिरण्यांत शनिवारची अर्धी सुटी नव्हती. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटीच मुळी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मिळाली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. त्यामुळे इथल्या कामगाराचा खेळ रविवारचा किंवा पाळी सुटल्यानंतरच्या संध्याकाळचा झाला. ग्वाल्हेरचे बिर्लानगरही अशाच एका गिरणीचे अपत्य. घनश्यामदास बिर्ला यांनी १९२१ साली काढलेल्या जियाजीराव कॉटन मिलभोवती ही वस्ती वाढली. पुढे मिल बंद पडली, वस्तीचे नाव राहिले. आज त्या वस्तीतला फुटबॉलवेडा तरुण मात्र इंग्लिश गिरण्यांनी ठरवलेल्या वेळेला टीव्हीसमोर बसतो. इंग्लंडमधला शनिवारी तीनचा सामना भारतात उन्हाळी वेळेनुसार साडेसातला आणि हिवाळी वेळेनुसार साडेआठला दिसतो. त्यात एक गंमत आहे. लोकांनी मैदानावर यावे म्हणून ब्रिटनमध्ये शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत फुटबॉलचे थेट प्रक्षेपण करता येत नाही. म्हणून तीनचा सामना बिर्लानगरात घरबसल्या पाहता येतो, मँचेस्टरमध्ये येत नाही.

सामन्याचे दोन समान भाग हीसुद्धा हळूहळू आलेली गोष्ट आहे. सुरुवातीच्या नियमांत दर गोलनंतर संघ बाजू बदलत. गोल झालाच नाही तर निम्म्या वेळेला बाजू बदलायची, अशी तडजोड पुढे निघाली. वारा आणि उतार यांचा फायदा दोघांना सारखा मिळावा हा हेतू होता. १८७५ पासून फक्त मध्यंतरालाच बाजू बदलण्याचा नियम झाला आणि पूर्वार्ध-उत्तरार्ध ही विभागणी पक्की झाली.

घड्याळ कोणाच्या हाती, हा प्रश्न वेगळा होता. आधी दोन्ही संघ आपापला अंपायर आणत. त्यांचे एकमत झाले नाही तर मैदानाबाहेर बसलेल्या रेफरीकडे दाद मागायची, अशी व्यवस्था होती. १८८० च्या सुमारास या रेफरीकडे नोंदी ठेवण्याचे आणि वेळ पाहण्याचे काम सोपवले गेले. १८९१ साली रेफरी मैदानाच्या आत आला, अंपायर रेषेवर गेले आणि पेनल्टी किकही त्याच वर्षी आली. निर्णय आणि घड्याळ असे दोन्ही अधिकार एकाच माणसाच्या खिशात गेले.

भरपाईच्या नियमाचे मूळ म्हणून त्याच वर्षीच्या स्टोक विरुद्ध अ‍ॅस्टन व्हिला सामन्याचा किस्सा सांगितला जातो. स्टोक एका गोलने मागे होते आणि शेवटची दोन मिनिटे उरली असताना त्यांना पेनल्टी मिळाली. व्हिलाच्या गोलरक्षकाने चेंडू उचलून थेट मैदानाच्या कुंपणापलीकडे लाथाडला. तो सापडेपर्यंत नव्वद मिनिटे भरली आणि पंचाने सामना संपवला. नियमात बसेल अशी ही लबाडी होती. त्यानंतर पेनल्टी घेण्यापुरता वेळ वाढवण्याची तरतूद झाली आणि वाया गेलेला वेळ मोजून देणे हे पंचाचे कर्तव्य ठरले. वेळ मोजणारा माणूस वेळकाढूपणाचा न्यायनिवाडाही करू लागला.

मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला तोही १८९१ सालीच. पहिला चषक वूस्टरशायर रेजिमेंटच्या लष्करी संघाने जिंकला. इंग्रजांचा खेळ इथे आला, पण त्याचे घड्याळ जसेच्या तसे आले नाही. भारतातले स्पर्धात्मक सामने बराच काळ ७० मिनिटांचे होते. १९५१ साली दिल्लीत झालेल्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत सामने ८० मिनिटांचे खेळले गेले. अंतिम सामन्यात साहू मेवालालच्या एकमेव गोलवर भारताने इराणला हरवले. या फरकाची किंमत त्याआधी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दिसली होती. ३१ जुलैला फ्रान्सविरुद्ध बहुतांश अनवाणी खेळणाऱ्या भारतीय संघाने दोन पेनल्टी वाया घालवूनही ७०व्या मिनिटाला रामनच्या गोलने १-१ अशी बरोबरी साधली. देशातल्या हिशेबाने सामना तिथेच संपला असता. फ्रान्सचा विजयी गोल ८९व्या मिनिटाला झाला.

मराठी मुलखातल्या खेळांत वेळेचा हिशेब अधिक उघड असतो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम तयार केले. खो-खोमध्ये स्वतंत्र वेळाधिकारी बसतो आणि प्रत्येक पळणारा किती मिनिटे किती सेकंद टिकला हे नोंदले जाते. सामन्याच्या बातमीत संरक्षणाची वेळ धावसंख्येसारखी छापून येते. ग्वाल्हेरचा जुना लाडका खेळ हॉकीचा. ध्यानचंद यांचे बंधू रूपसिंग यांच्या नावाचे स्टेडियम शहरात आहे. हॉकीनेही २०१४ साली ३५ मिनिटांचे दोन भाग सोडून १५ मिनिटांचे चार भाग स्वीकारले. शिवाय पेनल्टी कॉर्नरसारख्या प्रसंगी घड्याळ थांबवण्याची पद्धत त्या खेळात आहे. फुटबॉलने दोन्ही वाटा नाकारल्या. वेळाधिकारी वेगळा नाही आणि घड्याळ थांबत नाही. बरेच पंच दोन घड्याळे वापरतात. एक न थांबता चालते, दुसरे खेळ खोळंबला की बंद करतात. दोहोंतला फरक म्हणजे भरपाई.

हा फरक शंभर वर्षे पंचाच्या मनगटावरच राहिला. त्याचे गाजलेले उदाहरण ३ जून १९७८ चे आहे. अर्जेंटिनातल्या विश्वचषकात ब्राझील आणि स्वीडन १-१ अशा बरोबरीत होते. ब्राझीलला कॉर्नर मिळाला, चेंडू हवेत आला आणि झिकोने डोक्याने गोल केला. पण वेल्सचे पंच क्लाइव्ह थॉमस यांनी चेंडू हवेत असतानाच अखेरची शिट्टी वाजवली होती. गोल धरला गेला नाही. नियमाप्रमाणे थॉमस बरोबर होते. तरीही कॉर्नर घ्यायला लावून मध्येच सामना संपवणे प्रेक्षकांच्या गळी उतरले नाही, आणि थॉमस यांच्या घड्याळात नेमके काय होते हे पडताळण्याचे कोणतेही साधन प्रेक्षकांच्या हाती नव्हते.

ते साधन १९९८ च्या फ्रान्स विश्वचषकात मिळाले. चौथा पंच अंकांचा विजेरी फलक डोक्यावर धरून किमान किती मिनिटे वाढवली हे दाखवू लागला. पुढच्याच वर्षी, २६ मे १९९९ रोजी, बार्सिलोनातल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात फलकावर ३ हा आकडा उमटला. तेव्हा बायर्न म्युनिक १-० ने पुढे होते. टेडी शेरिंगहॅम आणि ओले गुन्नार सोल्स्कयार यांनी त्या तीन मिनिटांत दोन गोल करून चषक मँचेस्टर युनायटेडला मिळवून दिला. गोलच्या नोंदीत ‘९०+३’ अशी अधिकाची खूण आता सर्रास दिसते. फलकावरचा आकडा किमान असतो. पंच तो वाढवू शकतो, कमी करू शकत नाही. पूर्वार्धात मोजणी चुकली तर ती उत्तरार्धात भरून काढण्याचीही मुभा नाही.

भरपाई कशाची द्यायची याची यादी नियमांत आहे: बदली खेळाडू, जखमी खेळाडूंची तपासणी, वेळकाढूपणा, कार्ड दाखवणे, गोलनंतरचा जल्लोष, व्हिडिओ पंचांची तपासणी आणि पाणी पिण्याची किंवा शरीर थंड करण्याची विश्रांती. उन्हातली ही विश्रांती विश्वचषकात अधिकृतपणे पहिल्यांदा २९ जून २०१४ रोजी ब्राझीलमधल्या फोर्तालेझाला नेदरलँड्स-मेक्सिको सामन्यात घेतली गेली. मेक्सिको ८८व्या मिनिटापर्यंत पुढे होते. नेदरलँड्सने बरोबरी केली आणि भरपाईच्या चौथ्या मिनिटाला हुंटेलारच्या पेनल्टीने सामना जिंकला.

यादी लांबली तरी पंच हात आखडूनच वेळ देत. तीन-चार मिनिटे हा अलिखित ठोकताळा झाला होता. तो २०२२ च्या कतार विश्वचषकात मोडला. पंच समितीचे प्रमुख पिएरलुइजी कोलिना यांनी गेलेला वेळ चोख मोजून देण्याची सूचना केली. २१ नोव्हेंबरच्या इंग्लंड-इराण सामन्यात इराणच्या गोलरक्षकाच्या डोक्याला मार लागल्याने खेळ बराच वेळ थांबला आणि दोन्ही भाग मिळून सुमारे २७ मिनिटे वाढली. इंग्लंडने ६-२ असा जिंकलेल्या या सामन्यात इराणच्या मेहदी तारेमीचा दुसरा गोल नव्वदीनंतरच्या तेराव्या मिनिटाला झाला.

वेळेच्या या हिशेबाचा आघाडीच्या खेळाडूंच्या मोजमापाशी थेट संबंध आहे. स्ट्रायकर फॉर्मात आहे की नाही हे पूर्वी सामने आणि गोल यांच्या भागाकारावर ठरत असे. पण १९७० च्या विश्वचषकापासून बदली खेळाडू रूढ झाले. पुढे त्यांची संख्या वाढली आणि २०२२ पासून ती पाचवर कायम झाली. शेवटची वीस मिनिटे खेळणारा आणि पूर्ण सामना खेळणारा यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरू लागले. म्हणून आता दर ९० मिनिटांमागे किती गोल, असा हिशेब मांडतात. खेळाडू विकत घेताना क्लब हाच आकडा पाहतात आणि बदलीच्या मोसमात चाहतेही तोच पुढे करतात. त्यातही मेख आहे. चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो वेळ मोठ्या लीगमध्ये ५५ मिनिटांच्या आसपास भरतो. उरलेला वेळ थ्रो-इन, फ्री किक आणि रेंगाळण्यात जातो, आणि आघाडी घेतलेला संघ तो हटकून लांबवतो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालीम संघांच्या सामन्यांतही शेवटची दहा मिनिटे याच कारणाने सर्वाधिक वादाची असतात. मागे पडलेल्या पेठेचे समर्थक पंचाला घड्याळ दाखवतात, पुढे असलेले शिट्टीची मागणी करतात.

यावर उपाय म्हणून नियम करणाऱ्या मंडळाने २०१७ साली एक प्रस्ताव चर्चेला ठेवला. चेंडू थांबला की घड्याळ थांबवायचे आणि ३० मिनिटांचे दोनच भाग खेळायचे. बंदिस्त जागेत खेळल्या जाणाऱ्या फुटसालमध्ये २० मिनिटांचे दोन भाग असेच चालतात. मोठ्या मैदानासाठी प्रस्ताव स्वीकारला गेला नाही. त्याऐवजी वेळ वाया घालवण्याच्या एकेका वाटेला कुंपण घालण्याचे जुने धोरण चालू राहिले. सहकाऱ्याने पायाने दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाताने उचलण्यावर १९९२ साली बंदी आली ती याच धोरणातून. गोलरक्षकाने चेंडू सहा सेकंदांपेक्षा जास्त धरू नये हा नियम क्वचितच पाळला जाई. २०२५ पासून ही मुदत आठ सेकंद झाली. पंच शेवटचे पाच सेकंद हाताच्या बोटांवर सर्वांना दिसतील असे मोजतो आणि मुदत ओलांडली तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. फलक, व्हिडिओ आणि बोटांवरची मोजणी यांनी पंचाचा हिशेब बराचसा उघड झाला आहे. शिट्टी केव्हा वाजवायची हा निर्णय मात्र अजूनही पंचाचाच आहे.