न दुखणारी तपासणी आणि खरी तपासणी

मागच्या व्याख्यानानंतर एका ताईंनी विचारलं, "आमच्या कॉलनीत शिबिर आहे. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं स्तनांची तपासणी करणार आहेत. दुखत नाही, किरण नाहीत. मग मॅमोग्राफी कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर इतिहासात सापडतं, म्हणून आज तोच विषय घेतो.

सुरुवात बर्लिनमध्ये होते. अल्बर्ट सॉलोमन या शल्यविशारदांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांचे एक्स-रे तपासले आणि १९१३ साली निष्कर्ष मांडले. काही एक्स-रेंत त्यांना बारीक ठिपके दिसले. ते कॅल्शियमचे कण होते. हाताला गाठ लागण्याआधीच कर्करोगाची चाहूल देणारी ही खूण पुढे फार मोलाची ठरली.

पण हे झालं काढून टाकलेल्या स्तनांचं. १९३० साली अमेरिकेत स्टॅफर्ड वॉरन यांनी रुग्ण स्त्रियांचे एक्स-रे घेतले, तरी एकाला जमलेलं चित्र दुसऱ्याला जमेलच असं नव्हतं. उरुग्वेच्या राऊल लेबोर्न यांनी स्तन दाबून चित्र घेण्यावर भर दिला. मॅमोग्राफीत दुखतं ते या दाबण्यामुळे. पण त्यानं ऊतींचा थर पातळ होतो, चित्र स्पष्ट येतं आणि किरणही कमी लागतात. १९६० साली ह्यूस्टनच्या रॉबर्ट ईगन यांनी अशी रीत मांडली, की ती शिकून इतर डॉक्टरांनाही तसंच चित्र घेता येईल.

आता खरा प्रश्न. गाठ लवकर दिसली म्हणून जीव वाचतो का? न्यूयॉर्कमध्ये १९६३ पासून ४० ते ६४ वयाच्या सुमारे ६२,००० स्त्रियांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले. एका गटाला दरवर्षी मॅमोग्राफी आणि डॉक्टरांकडून हातानं तपासणी, दुसऱ्याला नेहमीचे उपचार. पहिल्या गटात स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले. श्रेय एकट्या मॅमोग्राफीचं नव्हे, हेही लक्षात ठेवा.

आणि तो उष्णतेचा कॅमेरा? कल्पना जुनी आहे. १९५६ साली माँट्रियलच्या रे लॉसन यांनी दाखवलं, की कर्करोगाच्या गाठीवरची त्वचा जास्त गरम असते. तर्क बिनतोड वाटतो. पण १९७३ पासून अमेरिकेत सुमारे २,८०,००० स्त्रियांच्या तपासणीचा प्रकल्प चालला. त्यात मॅमोग्राफी, हाताची तपासणी आणि थर्मोग्राफी एकाच स्त्रीवर केल्यामुळे थेट तुलना झाली. निम्म्याहून जास्त कर्करोग थर्मोग्राफीला दिसलेच नाहीत! प्रकल्प चालू असतानाच तिला वगळावं लागलं.

मॅमोग्राफीलाही कुणी मोकळं सोडलं नाही, बरं का. १९७६ साली जॉन बेलर यांनी विचारलं, की निरोगी तरुण स्त्रियांना किरण देऊन आपण उलट अपाय तर करत नाही ना? त्यानंतर पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांसाठी निकष कडक झाले आणि किरणांची मात्राही उतरत गेली.

शिवाय मॅमोग्राफीला मर्यादा आहेतच. तरुण वयात स्तन दाट असतो. तो एक्स-रेत पांढरा दिसतो, गाठही पांढरीच. धुक्यात पांढरी गाय शोधावी तसं. तिथं सोनोग्राफी कामाला येते. गाठ पाण्याची की भरीव, हे ती सांगते. एमआरआयला तर सर्वांत जास्त दिसतं. पण दोन्हींत खोटे इशारे वाढतात, म्हणजे नसलेल्या कर्करोगासाठी सुई टोचून घ्यावी लागते. २००५ साली ४९,५२८ स्त्रियांवर फिल्म आणि डिजिटल मॅमोग्राफीची तुलना झाली. एकूणात दोन्ही सारख्याच, पण पन्नाशीच्या आत आणि दाट स्तनांत डिजिटल सरस. म्हणजे 'सगळ्यात चांगलं यंत्र कोणतं' हा प्रश्नच अपुरा. कोणत्या स्त्रीसाठी, कोणत्या वयात, हे विचारायला हवं.

आता आपल्या मुंबईत या. १९९८ पासून टाटा मेमोरियलनं दीड लाखाहून जास्त स्त्रियांचा अभ्यास केला. त्यात मॅमोग्राफी नव्हतीच. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासत. २०२१ साली निष्कर्ष आले. सर्व वयांत मिळून मृत्यू १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही. पन्नाशीनंतर मात्र सुमारे ३० टक्के घट दिसली. शिकवलेला हातसुद्धा तुलनेच्या कसोटीला उतरू शकतो!

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. न दुखणं हा गुण खरा, पण रोग सापडणं हा गुण त्याहून मोठा. हाताला गाठ लागली आणि शिबिरातल्या कॅमेऱ्यानं 'सगळं ठीक' म्हटलं, तर त्या कागदावर विसंबून दुखणं अंगावर काढू नका. डॉक्टरांना दाखवा आणि माझ्यासाठी योग्य तपासणी कोणती, हे त्यांनाच विचारा.