दरींतून परतलेले तिघे

ग्रँड कॅनियनच्या दरींतून कोलोरॅडो नदीचा प्रवास ही आज अमेरिकेंतील मोठ्या हौसेची सफर झाली आहे. अनुभवी वाटाड्या वल्हीं धरतो, रबरी तराफा धोंड्यांमधील फेसाळत्या खळाळांतून उतरतो, आणि सायंकाळीं वाळूवर मुक्काम करून मंडळी दोन कड्यांमधील आकाशाची चिंचोळी पट्टी पाहत निजतात. या प्रवासाच्या इतिहासांत तीन माणसांना मात्र पुरता न्याय मिळालेला नाहीं, असें आम्हांस वाटतें.

मेजर जॉन वेस्ली पॉवेल हा २४ मे १८६९ रोजीं नऊ सोबती व चार होड्या घेऊन वायोमिंगमधील ग्रीन रिव्हर येथून निघाला. १८६२ सालीं शायलोच्या लढाईंत त्यानें उजवा हात गमावला होता. दहा महिन्यांचा शिधा बरोबर होता. वाटाड्या कोणी नव्हता, आणि पुढील दरीचा भरंवशाचा नकाशाही नव्हता. जूनमध्यें लोडोरच्या घळींत एक होडी फुटली व तिच्यांतील सामान वाहून गेलें. जुलैंत एक सोबती मंडळी सोडून गेला. ऑगस्टअखेर थोडें पीठ तेवढें उरलें.

२७ ऑगस्टला समोर एक भयंकर खळाळ आला. होड्या कांठानें नेणें अशक्यप्राय दिसत होतें. येथेंच नदी सोडावी, असें ओरॅमेल हाउलंडनें पॉवेलला विनविलें. पॉवेलनें रात्र येरझारा घालीत काढिली आणि पुढें जाण्याचा निश्चय केला. सकाळीं ओरॅमेल, त्याचा भाऊ सेनेका व विल्यम डन हे कडा चढून निघाले. प्रत्येक पक्षास दुसऱ्याचीच वाट धोक्याची वाटत होती, असें पॉवेलनें स्वतः नमूद केलें आहे. उरलेले सहाजण दोन होड्यांतून तो खळाळ उतरले व दुसऱ्याच दिवशीं दरीबाहेर पडले. ते तिघे मारले गेले. कोणाच्या हातून, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं.

यश आलें तें धैर्य व घात झाला तें भित्रेपण, असा सोपा हिशेब मग मांडला गेला. दरीच्या कांठावरील पॉवेल-स्मारकावर या तिघांचीं नांवें नाहींत. ते जेथून निघाले तेथें त्यांच्या स्मरणार्थ पाटी लागली ती १९३९ सालीं. परंतु दरी इतक्या लवकर संपेल, हें त्या रात्रीं कोणास निश्चित ठाऊक होतें?

पॉवेलचे वल्हेकरी खळाळाकडे पाठ करून बसत. १८९० नंतरच्या दशकांत नॅथॅनियल गॅलोवेनें तोंड प्रवाहाकडे करून हलकी होडी हांकण्याची रीत रूढ केली. १९३८ सालीं नॉर्मन नेव्हिल्सनें येथली पहिली व्यावसायिक सफर नेली. तींत एल्झाडा क्लोव्हर व लोइस जॉटर या वनस्पतिशास्त्रज्ञ स्त्रिया होत्या. १९६३ पासून ग्लेन कॅनियन धरणानें नदीचें पाणीही मोजून सोडलें जातें.

आजचा चांगला वाटाड्या अवघड खळाळाच्या अलीकडे होडी थांबवितो, कांठावर चढून पाणी निरखितो, आणि न उतरण्याचा निर्णय घेण्यास लाजत नाहीं. हाउलंडनें याहून वेगळें काय केलें होतें? पॉवेलच्या धैर्याचा गौरव अवश्य व्हावा. मात्र त्यासाठीं त्या तिघांस भित्रे ठरविण्याचें कारण नाहीं.