‘वाया’ जाणाऱ्या उष्णतेचे काम

तंतूच्या दिव्याबद्दल आपण वर्गात एक वाक्य हमखास सांगतो: त्याला दिलेल्या ऊर्जेपैकी ९० टक्क्यांहून अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. वाक्य बरोबर आहे. पण ‘वाया’ कशाला म्हणायचे हे परिस्थितीवर ठरते. मोटारीच्या हेडलाइटचा इतिहास याचे चांगले उदाहरण आहे.

हिमवर्षावात धावणाऱ्या गाडीसमोरची हवा दिव्याच्या काचेपाशी येऊन बाजूंना वळते. हिमाचे जड कण मात्र तितक्या चटकन वळू शकत नाहीत; ते सरळ काचेवर आपटतात. तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर हे हिम ओलसर असते आणि चिकटून थर वाढत जातो. प्रकाश हळूहळू मंदावतो. डोळेही त्या मंद प्रकाशाला सरावतात, त्यामुळे धोका चालकाच्या चटकन लक्षात येत नाही.

अमेरिकेत १९४० साली काच, परावर्तक आणि तंतू एकत्र बंद केलेले ‘सील्ड बीम’ दिवे आले. त्यांच्या तंतूतून निघणारे अवरक्त किरण पुढची काच तापवीत आणि हलके हिम आपोआप वितळे. हे काम दिव्याकडे कोणी सोपवलेले नव्हते.

मात्र या फुकटच्या उष्णतेलाही मर्यादा होती. १ ग्रॅम बर्फ वितळवण्यास सुमारे ३३४ ज्यूल अप्रकट उष्मा लागतो. काचेवर दर मिनिटाला १ ग्रॅम हिम साचते असे धरले, तर ते वितळवण्यास साडेपाच वॉट पुरतात. पण समोरून येणारा गार वारा काचेतून याहून कितीतरी अधिक उष्णता हिरावून नेतो. म्हणूनच स्वीडनमधील साब कंपनीने १९७० साली साब ९९ या मोटारीच्या हेडलाइटवर छोटे वायपर आणि पाण्याची फवारणी बसवली.

पुढे काचेची जागा पॉलीकार्बोनेट या प्लॅस्टिकने घेतली. त्यावर वायपरने ओरखडे पडत. तेव्हा दाबाने पाणी फवारणाऱ्या तोट्या आल्या. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या मोटारीत झेनॉन दिवा आला. ३५ वॉटमध्ये तो सुमारे ३,००० ल्युमेन प्रकाश देई, म्हणजे ५५ वॉटच्या हॅलोजन दिव्याच्या साधारण दुप्पट. मळलेल्या काचेतून इतका प्रकाश विखुरला तर समोरच्या चालकाचे डोळे दिपतात. त्यामुळे युरोपीय नियमांनी २,००० ल्युमेनहून प्रखर दिव्यांना फवारणी सक्तीची केली.

२००७ मध्ये लेक्सस मोटारीत एलईडीचे हेडलाइट आले. एलईडीही तापतो, पण ती उष्णता मागच्या धातूच्या पंखांकडे वाहून नेली जाते. पुढे जाणाऱ्या प्रकाशात अवरक्त किरण जवळजवळ नसतात. काच थंडच राहते. शिवाय अनेक एलईडी दिवे २,००० ल्युमेनच्या आत बसवलेले असल्याने त्यांना फवारणीचीही सक्ती उरली नाही. एकाच वेळी दोन्ही आधार गेले.

रस्त्यावरील सिग्नलमध्येही हीच अडचण दिसली. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात एप्रिल २००९ मध्ये हिमाने झाकलेला एलईडी सिग्नल एका चालकाला दिसला नाही आणि झालेल्या धडकेत दुसऱ्या गाडीतील स्त्रीचा मृत्यू झाला.

यावर उपाय निघाले आहेत. काही दिव्यांच्या पुढच्या आवरणात बारीक तारा बसवतात. तापमान गोठणबिंदूजवळ आले की त्यांतून विद्युतप्रवाह सुरू होतो. काहींमध्ये धातूच्या पंखांवरची गरम हवा छोट्या पंख्याने पुढे आणतात. म्हणजे वाचवलेल्या वॉटांपैकी काही परत खर्च करावे लागतात. फरक इतकाच की जुना दिवा भर उन्हाळ्यातही काच तापवीत असे. नवा दिवा गरज असेल तेव्हाच तापवतो.

वर्गात तंतूचा आणि एलईडीचा असे दोन दिवे लावून, त्यांच्यासमोर सारख्या अंतरावर तळहात धरायला सांगावे. फरक लगेच जाणवतो. मग विचारावे: जुने यंत्र बदलताना, त्याच्या दोषांपैकी एखादा दोष कोणाच्या उपयोगी पडत होता का?